उकंड्याचं बारसं

आमच्या साडूंइतका घाबरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. भीती सगळ्यांनाच वाटते. पण आपण आली की घाबरतो आणि गेली की विसरतो. साडू भीती नेमानं पाळायचे, कुणी एकादशी पाळतं तशी. घरातून निघाले की गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला एकदा परत यायचे. बसस्थानकापर्यंत जाऊन दुसऱ्यांदा यायचे. दुसऱ्यांदा बघितलं ते खरंच बघितलं की नुसतं बघितल्यासारखं वाटलं, या शंकेनं तिसऱ्यांदा यायचे, तोवर दारव्ह्याची गाडी सुटलेली असायची. मग ते हुश्श करून म्हणायचे, बरं झालं चुकली, आजच्या ड्रायव्हरची नजर मला बरी दिसली नव्हती. भर वैशाखात दुपारी बारा वाजता त्यांच्या खिशात टॉर्च असायचा आणि टॉर्चसाठी दुसऱ्या खिशात सेलची जोडी. लग्नाला गेले तर मांडवाच्या खांबाला टेकून बसत नसत आणि खांबापासून लांबही बसत नसत, कारण पडलाच तर कुठल्या बाजूला पडेल हे सांगता येत नाही.

माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. शिवाय आम्ही दोघं एकाच कंपनीत, त्यामुळे मला साडू घरीही पुरत आणि ऑफिसातही उरत. कंपनी कापूस खरेदीची आणि जिनिंगची, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करण्याची; मी खरेदी विभागात कारकून, ते मूळचे टायपिस्ट. ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा मॅनेजर साहेबांनी तो साडूंच्या हवाली केला. जो माणूस खुर्चीवरसुद्धा घाबरत बसतो तो यंत्र मोडणार नाही, असा त्यांचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. टेलिफोनच्या तारेला जोडायची मोडेम नावाची डबी आली, तेव्हा लावण्याआधी साडू तिला मांडीवर घेऊन एसटीनं कळंबला गेले आणि चिंतामणी गणपतीच्या पायावर घालून आणली. गुरुजींनी विचारलं, हे काय आहे. साडूंनी हात जोडून सांगितलं की ते मलाही नक्की माहीत नाही, पण यापुढे माझ्याकडे राहणार आहे.

एंटरचं बटण ते स्वतः कधी दाबत नसत. सगळं टाइप करायचे, तीनदा वाचायचे, मग मला हाक मारायचे आणि मी येऊन बटण दाबेपर्यंत डोळे मिटून, कानात बोटं घालून बसायचे. तुह्या हाताले यश आहे, असं वर सांगायचे. खरी गोष्ट अशी की बिघडायचंच असेल तर ते माझ्या हातून बिघडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मलाही त्याचं वाईट वाटत नसे. साडू झाला म्हणजे एवढं चालायचंच.

ती वर्षं कापसाच्या पडझडीची होती. भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. ओल जास्त म्हणून गाडी परत, रुई पिवळी म्हणून गाडी परत. आज घाटंजीचं केंद्र चालू तर उद्या बंद, परवा दारव्ह्याचं. अवेळी फोन वाजला की घरातली माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची आणि मग कुणीतरी उचलायचं. मी साडूंना हसायचो खरा, पण पेपर उघडला की मीही आधी कापसाचा भाव शोधायचो. अशा दिवसांत साडूंनी संगणकावर एक पान तयार केलं. बाहेरच्या जगाला न दिसणारं, फक्त कंपनीच्या केंद्रांना टेलिफोनवरून उघडता येणारं. आज कुठलं केंद्र खरेदी करणार, भाव काय, ओल किती चालेल, एवढंच त्यावर असायचं. सकाळी आठाला केंद्रावरचा बाबू ते वाचून फाटकाबाहेरच्या फळ्यावर खडूनं उतरवायचा आणि पहिल्या फेरीच्या जीपवाल्यांबरोबर ती बातमी गावोगाव जायची. गाडी भरायची की कापूस घरातच ठेवायचा, हे त्या फळ्यावरून ठरायचं.

पण हे पान म्हणजे साडूंचं तिसरं अपत्य. पहिल्या पानाचा पत्ता मॅनेजर साहेबांनी हौसेनं 'श्वेतलक्ष्मी' ठेवला होता. तेवढं टाइप केलं की पान उघडायचं. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि चार महिन्यांत टेलिफोनच्या तारेतून वीज आली ती यंत्र जाळून गेली. दुसऱ्याचं नाव 'रुईराज'. त्याच्या पंख्यात जिनिंगची उडती रुई बसत बसत गेली आणि एके दिवशी राजेसाहेब आतल्या आत तापून गार झाले. यावर नागपूरच्या मुख्य कचेरीनं कळवलं की तिसरं पान बंद पडलं तर संगणक विभागच बंद करू आणि केंद्रांना इथून फॅक्स पाठवू. साडूंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. टायपिस्टची जागा केव्हाच रद्द झालेली, त्यामुळे विभाग गेला की साडू घरी. त्या दिवसापासून ते यंत्राला रोज सकाळी दाढीच्या मऊ ब्रशनं झाडायचे आणि ढग दिसला की टेलिफोनची तार उपटून हातात धरून बसायचे.

आणि या तिसऱ्याला त्यांनी नावच ठेवलं नाही. यंत्राचा जो मूळचा पत्ता असतो, तीन ठिकाणी टिंबं दिलेला आकड्यांचा, तोच सगळ्यांना चिठ्ठीवर लिहून दिला. त्यातून जे व्हायचं ते झालं. कळंबचा बाबू तो आकडा स्तोत्रासारखा पाठ म्हणायचा, पण मधेच कुणी बोललं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. दारव्ह्याला वजनकाट्यावर एक वयस्कर काटाबाबू होते, ते शेवटचे दोन आकडे उलटे टाकायचे आणि आमच्या हिशेबनिसांच्या प्रिंटरचं पान उघडून बसायचे. एकदा त्यांचा फोन आला की आज भावाच्या जागी कागद संपला असं दाखवते, तर खरेदी बंद ठेवू का.

आम्ही हसलो. पण घाटंजीला झालं ते हसण्यासारखं नव्हतं. तिथल्या बाबूनं तो आकडा भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीखाली पेन्सिलीनं लिहून ठेवला होता, आणि दिवाळीच्या रंगरंगोटीत भिंतीला चुना लागला. पान उघडेना, फोन लागेना, म्हणून त्यानं आदल्या दिवशीचा फळा तसाच ठेवला: खरेदी चालू. त्या दिवशी केंद्र बंद होतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, रस्त्याच्या कडेनं पार वळणापर्यंत रांग. दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी आम्हा दोघांना माफी मागायला जीपनं पाठवलं. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी ओरडलं नाही. कापसावर लुगड्याचा पदर पसरून एक म्हातारी बसली होती. तिनं साडूंना शांतपणे विचारलं, "काहून रे बाबू, एवढं सांगाले नाही जमलं तुमाले?" परत येताना साडू जीपमध्ये टॉर्च चालू-बंद करत राहिले, आणि घरी गेल्यावर जेवले नाहीत असं मेव्हणीनं दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन सांगितलं.

मॅनेजर साहेबांनी हुकूम काढला: आठ दिवसांत, पाचवी शिकलेल्या माणसालाही लक्षात राहील असा सोपा पत्ता द्या. साडूंना ते पटलं होतं, म्हणून तर त्यांची झोप उडाली. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि डाव्या बाजूला नावं, उजव्या बाजूला भीती, अशी लिहायला सुरुवात केली. 'दीप': विझतो. 'शुभ्रा': डाग पडेल. 'विजय': हरण्याची पाळी यायची. 'चिंतामणी' वर तर ते दोन दिवस अडले. शेवटी देवाचं नाव केंद्रावरचे लोक घाईत चुकीचं टाइप करणार आणि ते पाप आपल्या माथी, म्हणून त्याच्यावरही काट मारली. मी म्हटलं, भाऊ, निदान 'कापूस' तरी ठेवा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की या वर्षांत कापसाचं नाव घेऊन कुणाचं भलं झालंय ते मला दाखव.

सातव्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा पांढरा, पण आवाजात काहीतरी ठरलेलं होतं.

"उकंडा," ते म्हणाले.

उकंडा म्हणजे गावाबाहेरचा शेणाकचऱ्याचा ढीग. मला वाटलं, जागरणानं यांचं डोकं फिरलं. पण साडू समोर बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांच्या नात्यात मला माहीत नव्हती. त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. दोघांचीही नावं देखणी, राजासारखी. म्हणून साडू जन्मल्यावर आईनं त्यांना सुपात घालून उकंड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलल्यावर तिच्याकडून पसाभर ज्वारीच्या बदल्यात परत घेतलं आणि नाव ठेवलं ते असं की मृत्यूनं ऐकून नाक मुरडावं. आमच्याकडच्या दगडू, धोंडू, केरबा यांच्याच पंगतीतलं ते नाव. त्यांना ते कधी आवडलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. पण ते जगले, हे खरंच.

"मायनं काय सोप्या मनानं ठेवलं असन का असं नाव?" साडू म्हणाले. "बारशाले आत्यानं माह्या कानात दुसरंच सांगतलं म्हने. चांगलं. कानातलं कानातच ठेवलं, मायलेबी नाही सांगतलं. आता आत्या नाही आन मायबी नाही. मले अजून वाटते, काय सांगतलं असन?" मग लगेच भानावर येऊन म्हणाले, "ते जाऊ दे. दोन गेले आपले. ह्या तिसऱ्याले मी चांगलं नाव नाही ठेवत. चाल, बटन दाब."

यंत्रात नावांची एक यादी असते. आकड्यासमोर नाव लिहिलं की नावानं हाक मारली तरी यंत्र ओ देतं. साडूंनी आकड्यासमोर उकंडा लिहिलं, तीनदा वाचलं, कानात बोटं घातली. मी एंटर दाबलं. दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर जाऊन तेवढाच शब्द टाइप केला आणि पान उघडलं. केंद्रांना फोन गेले. एकदा सांगितलेलं कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कळंबच्या बाबूची स्तोत्रातून सुटका झाली. दारव्ह्याचे काटाबाबू तर खूश झाले; हे नाव आपल्या काकाचं होतं, काका नव्वद वर्षं जगला, असं त्यांनी फोनवर आवर्जून सांगितलं. साडूंनी ते वहीत लिहून घेतलं.

मॅनेजर साहेबांना मात्र घाम फुटला. धाकटे मालक नागपूरहून भेटीला येणार होते आणि त्यांनी पत्ता विचारला तर या कंपनीच्या अभिमानाचं नाव उकंडा आहे असं सांगायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी स्वतः 'शुभ्रक्रांती' हे नाव निवडलं आणि आजच्या आज बदला म्हणून सांगितलं. साडूंची अवस्था बघवत नव्हती. साहेबांना नाही म्हणायची भीती आणि नाव बदलायची त्याहून मोठी भीती, या दोहोंच्या मध्ये ते संध्याकाळपर्यंत पाणी पीत बसले. शेवटी संगणकाबरोबर आलेल्या पुस्तकात त्यांना सापडलं की एकाच यंत्राला दोन नावं देता येतात. ते वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, पाह्य, पुस्तकवाल्यालेबी माहीत आहे, एक दाखवाचं नाव आन एक जगन्याचं. धाकट्या मालकांनी शुभ्रक्रांती बघितली, मान डोलावली, चहा घेऊन गेले. केंद्रांवर उकंडाच चालत राहिला. कागदावर त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. लिहायची लाज वाटायची.

पुढचा हंगाम आणखी वाईट गेला. केंद्रं निम्म्यावर आली, आणि नागपूरनं ठरवलं की पान चालू असो की बंद, खर्च नको, संगणक विभागच नको. एक तरुण इंजिनिअर छापील यादी घेऊन आला. यादीत बंद करायच्या सगळ्या पत्त्यांची नावं होती, आणि शुभ्रक्रांती दुसऱ्याच ओळीवर होती. साडू त्याच्या मागे उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागे बांधले. इंजिनिअरनं पडद्यावर एकेक नाव पुसत आणलं, शुभ्रक्रांती पुसली, आणि तिच्या खालच्या ओळीवर थांबला. त्यानं नाक मुरडलं.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," साडू म्हणाले.

"काढू?"

ज्या माणसानं जन्मात कुणाला उलट विचारलं नव्हतं, ज्याला शिपायाकडे दुसऱ्यांदा चहा मागायची भीती वाटायची, त्या माणसानं विचारलं, "तुमच्या यादीत हाये का?"

इंजिनिअरनं यादी वरून खाली, खालून वर बघितली. "नाही."

"मंग राहू द्या," साडू म्हणाले.

त्यानं खांदे उडवले आणि उठला. यंत्र टेबल-खुर्च्यांबरोबर नंतर उचलू, असं सांगून गेला. उचलायला कधी कुणी आलं नाही. साडू खाली बसले ते अर्धा तास उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला उरलेल्या तिन्ही केंद्रांनी रोजच्यासारखा उकंडा उघडला आणि फळे लिहिले. नागपूरचा फॅक्स आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते; त्या वेळेपर्यंत गाड्या कधीच रस्त्याला लागलेल्या असत्या. मॅनेजर साहेबांनी फॅक्स बघितला, घड्याळ बघितलं, साडूंच्या खोलीकडे बघितलं आणि फॅक्स खणात टाकला. घाटंजीची रांग त्यांच्याही लक्षात होती. साडूंना त्यांनी खरेदी विभागात तात्पुरतं दाखवलं, आणि ते तात्पुरतं आम्ही सगळ्यांनी मिळून निवृत्तीपर्यंत ओढलं. चुकीच्या फळ्यामुळे पुन्हा कुणाची गाडी उन्हात उभी राहिली नाही. मृत्यू दारात यादी घेऊन आला होता, नाव वाचून नाक मुरडून गेला, असं साडू म्हणायचे, आणि म्हणता म्हणता मागे वळून बघायचे.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यांनी यंत्रापासून लांब, खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून कंपनीची नवी व्यवस्था सुरू होणार होती आणि उकंडा बंद करायचा होता. निरोप आटोपल्यावर आम्ही दोघंच खोलीत राहिलो. मी सवयीनं बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझा हात धरला. मग गुडघे टेकून खाली बसले, पंख्याच्या जाळीला तोंड लावलं आणि हळूच काहीतरी बोलले. मी विचारलं, भाऊ, काय सांगितलं.

"कानातलं हाये," ते म्हणाले. "भाईर नसते सांगत."

आणि स्वतःच्या बोटानं, डोळे उघडे ठेवून, त्यांनी बटण दाबलं. पंखा थांबायला थोडा वेळ लागला. तो थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले. साडूंसमोर रडलो असतो तर त्यांना माझ्या तब्येतीची नवी काळजी लागली असती, म्हणून मी खिडकीतला नारळ उचलला.

आम्ही फाटकापर्यंत आलो आणि साडू परत फिरले, नीट बंद झालंय का ते बघायला. आले, रस्त्याला लागलो, पानठेल्यापर्यंत गेलो, तर पुन्हा फिरले. मी नारळ हातात धरून उभा राहिलो. ते परत आले, टॉर्च खिशात ठेवला आणि मुकाट चालू लागले. बसस्थानक दिसायला लागलं, गाडीही उभी होती, तरी ते मागे वळेनात. तेव्हा मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, चला, एकदा पाहून येऊ."